गळ्यापुरतं लोखंड

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही, हे या घरातलं एक बरं आहे. म्हणजे वाईटच आहे, पण बरं आहे. दार वाजलं तर मीच उठायचं, कुकरच्या शिट्ट्यांकडे मीच कान द्यायचा, भाजीवाल्याशी घासाघीस मीच करायची. पण त्याच्या बदल्यात मला एक मोकळीक मिळाली आहे, जी सुरतेतल्या या डिंडोलीत दुसऱ्या कुठल्या बाईला नसेल. मी नवऱ्याच्या पाठीमागे उभी राहून, पूर्ण आवाजात, मनातलं बोलू शकते. भाकरी थापता थापता बोलते. एकच वाक्य आहे माझं. ‘बाजारची तार आणली असती तर माझं पोरगं वाचलं असतं.’ हे समोर दारात पाट टाकून बसलेले असतात, पाठ माझ्याकडे, मांडीवर ती लोखंडाची पाटी, हातात फडकं. हे घासतात, मी बोलते. चाललाय संसार.

तोंडावर बोलले तर हा माणूस मरेल. आणि बोललेच नाही तर मी मरेन. म्हणून पाठीशी बोलते. कोणाला हे पाप वाटलं तर वाटू दे, त्याने येऊन माझ्या ओट्याशी उभं राहून दाखवावं.

वर्षभर मी एखाद्या दिवशी विसरतेसुद्धा. पण पोंक आला की विसरता येत नाही. हिरव्या कोवळ्या ज्वारीचा हुरडा, त्याला सुरतेत पोंक म्हणतात. तापीकाठच्या हातगाड्यांवर तो दिसायला लागला, सोबत लिंबू-मिरीची शेव दिसायला लागली, की समजायचं, आता संक्रांत. आमच्या खान्देशातही थंडीत असंच असतं. तिकडे वांग्याचं भरीत, लसणाची हिरवी पात, कळण्याची भाकरी. माहेरची थंडी मला अजून जिभेवर आठवते. सुरतेची थंडी मात्र आता गळ्याशी येऊन बसते.

कारण पोंकाच्या मागोमाग दोरीवाले येतात. रस्त्याच्या कडेला खांब रोवतात, या खांबापासून त्या खांबापर्यंत पांढरा धागा ताणतात आणि हातात गुलाबी लगदा घेऊन त्यावरून जा-ये करतात. लगद्यात काचेची पूड. इथे दोरी रंगवली असं कोणी म्हणत नाही. दोरी पाजली म्हणतात. लेकराला पाजावं तशी काच पाजायची. ती वाळली की फिरकीवर गुंडाळून घरोघरी जाते. त्या माणसांचे हात आठवडाभर गुलाबी राहतात, बोटांना चिंध्या बांधलेल्या असतात. त्यांच्यावर माझा राग नाही. पोट सगळ्यांनाच आहे. पण मी तो रस्ता टाळते, मागच्या गल्लीने बाजाराला जाते. पाय दुखतात. दुखू देत.

ह्यांचे कान लूमने खाल्ले. लग्नानंतर आम्ही शिंदखेड्याकडून सुरतेत, आधी लिंबायतला, आलो तेव्हा हे साधे कारीगर होते. मग मास्तर झाले, म्हणजे लूम बिघडली की नीट करायची, कापडात खोट आली की शोधायची. लूमचा कारखाना, त्याला इकडे खातं म्हणतात. त्या खात्याच्या दारातून मी डबा द्यायला जायचे तेव्हा छातीत धडधड व्हायची, एवढा आवाज. तिथे आवाजाने कोणी बोलतच नाही. ओठ हलवायचे, हात हलवायचे, पलीकडच्याने समजायचं. पूर्ण कान जाण्याच्या आधीच ह्यांना ओठ वाचायची एवढी सवय झाली होती की कान कधी गेले ते मला उशिराच कळलं. मी तोंड फिरवून काही बोलले की उत्तर येत नसे. मला वाटायचं, माणूस रागावला. नंतर समजलं, ऐकूच येत नाही.

आमचा हर्षल या बोलीतच मोठा झाला. बाहेर मित्रांशी गुजराती, मार्केटात हिंदी, माझ्याशी अहिराणी आणि पप्पांशी नुसते ओठ. गल्लीच्या टोकाला गाडी उभी करायचा आणि तिथूनच ओठांनी विचारायचा, ‘जेवायला काय?’ हे दारातून ओठांनीच सांगायचे, ‘भरीत.’ मध्ये सगळी गल्ली, पोरं, रिक्षा, भोंगे. कोणाला पत्ता नाही, आणि बापलेकांचं जेवणाचं ठरून गेलेलं. मला हसू यायचं. आमचं घर गल्लीतलं सगळ्यात शांत घर होतं, आणि सगळ्यात बडबडं.

शेठने नवीन मशिनं आणली आणि ह्यांना घरी बसवलं. हातात पाना नसलेला माणूस घरात कसा दिसतो ते मी पाहिलंय. पंखा खोलून परत जोडायचे. माझी शिलाई मशीन खोलली, परत जोडली, आणि एक स्क्रू उरला. तो स्क्रू कुठला ते अजून कोणाला कळलेलं नाही. मग एका रविवारी हर्षल आम्हाला चौकबाजारच्या किल्ल्यातलं संग्रहालय बघायला घेऊन गेला. मी आपली नाणी बघितली, भांडी बघितली, पाय दुखले म्हणून बाकावर बसले. हे एका काचेसमोर उभे राहिले ते हलेचनात. आत चिलखत होतं. लोखंडाच्या बारीक कड्या एकात एक गुंफून केलेला अंगरखा, छातीवर बसवलेली सपाट पाटी आणि डोक्यावरून मानेपर्यंत लोंबणारी कड्यांचीच झालर.

‘हे विणलंय,’ हे मोठ्याने म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. आजूबाजूचे सगळे वळले. ‘हे कापडच आहे. लोखंडाचं.’

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय! मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण हर्षलने मोबाइलवर कुठली कुठली माणसं दाखवली, जी हौसेने जुन्या काळचं चिलखत बनवतात, मातीच्या भट्टीत लोखंडसुद्धा स्वतः गाळतात. हे चष्मा लावून बघत राहायचे. ह्यांना आवाज नकोच होता, चित्र पुरायचं. मी म्हटलं, बनवायचंच तर बाजारात तार मिळते, वळा कड्या आणि घाला गळ्यात. तर मला म्हणे, ‘मशिनचं लोखंड घालून त्या काळचा माणूस लढला होता का? करायचं तर मुळापासून.’ हा हट्ट मी तिथेच ओळखायला हवा होता. पण तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं. घरी बसलेल्या माणसाचे डोळे परत चमकले होते.

मूळ म्हणजे वाळू. डुमसचा समुद्रकिनारा काळा आहे. सगळी सुरत तिथे टोमॅटोची भजी खायला जाते, आम्ही तिघं वाळू गोळा करायला जायचो. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, वाळूवरून फिरवायचं, त्याला लोखंडाच्या कणांची काळी मिशी चिकटली की पिशवी उलटी करून डब्यात झटकायची. लोक उभे राहून बघायचे. एकाने विचारलं, ‘काका, सोनं पडलं का?’ ह्यांनी त्याचे ओठ वाचले आणि गंभीरपणे मान हलवली. तो बिचारा संध्याकाळपर्यंत पायाने वाळू उकरत होता. हर्षल हसून हसून खाली बसला. त्या दिवसाची भजी तेलकट होती आणि मला ती अजून आठवतात.

घरी आणून वाळू गोड्या पाण्यात धुवायची, मीठ काढायचं, गच्चीवर वाळवायची. माझ्या पापडांच्या शेजारी ह्यांची वाळू. मी ओरडायचे, पण ओरडून काय डोंबल होणार, ऐकायला कोण?

भट्टी लावायची बारडोलीजवळ. माझा मावसभाऊ तिथे एका शेताची राखण करायचा. ऊस तुटून गेला की बांधावर जागा मोकळी व्हायची. माती, भाताचा भुसा आणि पाणी पायाने तुडवून कमरेएवढी भट्टी उभी करायची, आठवडाभर सुकू द्यायची, मग पेटवायची. वरून एक थर कोळसा, एक थर वाळू. खालच्या नळीला लोहाराचा जुना कातडी भाता. भाता ओढायला मी आणि हर्षल. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे चाललेल्या, हवेत मळीचा आंबट-गोड वास, समोर धग आणि पाठीला थंडी. अंगाचा निम्मा भाग भाजायचा, निम्मा काकडायचा.

आणि तिथे माझं काम लागलं. नळीत कीट, म्हणजे लोखंडाचा वितळलेला मळ, अडकला की भात्याचा आवाज बदलतो. ज्वाळा कशी आहे ते हे डोळ्यांनी बघायचे, पण आवाज कुठून ऐकणार? तो मी ऐकायचा. नळी चोंदली की मी हात वर करायचा, हे सळईने मोकळी करायचे. मग भट्टी फोडून आतला लाल गोळा चिमट्याने ओढून दगडावर ठेवायचा आणि हातोडा मारायचा. प्रत्येक घावानंतर हे माझ्याकडे बघायचे. गोळ्यात मळ भरलेला असला की आवाज बोदा येतो, आत लोखंड असलं की घणघणीत. बोदा असला तर मी मूठ आवळायची. चांगला असला तर बोटं उघडायची. हीच आमची खूण होती.

पहिल्यांदा मी बोटं उघडली तेव्हा हा माणूस रडला. उसाच्या बांधावर, सगळ्यांसमोर. मावसभाऊ म्हणाला, ‘दाजीले काय झायं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, धूर गेला डोळ्यात.’ माझ्याही गेला होता.

त्या लोखंडाच्या आधी ठोकून पाट्या आणि सळया झाल्या. सळया तापवून ठोकून बारीक करायच्या, मग भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून ओढायच्या, सोनार तार ओढतो तशा. आधी मोठ्या भोकातून, मग लहान. त्या तारेच्या कड्या. प्रत्येक कडीची टोकं चपटी करून, त्यात भोक पाडून, बारीक खिळा ठोकून बंद करायची. एका कडीत चार कड्या. लूमच्या फणीतून धागा ओढायचा आकडा असतो, तोच हे कड्या ओवायला वापरायचे. मी मजुरीवर आणलेल्या साड्यांचे धागे कापत बसायचे, शेजारी हे लोखंड विणत बसायचे. तीन वर्षं दर हिवाळ्यात आमच्या घरात हेच चाललं. छातीची पाटी झाली, अंगरखा झाला. तो घालून हर्षलने आरशासमोर उभं राहून फोटो काढले आणि ओझ्याने पाच मिनिटांत पलंगावर आडवा झाला. ‘मम्मी, पूर्वीचे लोक लढायचे कसे गं? मला तर उठवतही नाही.’ मी त्याला उठवायला गेले तर कड्यांत माझी बांगडी अडकली. आम्ही दोघं तसेच अडकून हसत बसलो आणि ह्यांनी आकड्याने बांगडी सोडवली.

देवा, तो हिवाळा परत दे, असं मी म्हणणार नाही. देव काही परत देत नसतो. तो नेतो.

मग पुढची संक्रांत जवळ आली तेव्हा पलीकडच्या सोसायटीतल्या एका माणसाचा गळा मांज्याने चिरला. वाचला तो, टाके पडले. हर्षल मार्केटातून साड्यांची पार्सलं पोचवायचा, दिवसभर गाडीवर, दिवसभर पुलांवर. या दिवसांत सुरतेत गाडीवाले हँडलला तारेची कमान बांधतात, गळ्याला मफलर गुंडाळतात. त्याचीही कमान होती. पण चायनीज दोरी बंदी असून विकली जाते, ती मफलर कापून जाते, कमानीखालून येते. मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले आणि ओठ स्पष्ट हलवून म्हटलं, ‘अहो, छातीभर लोखंड विणलंत. आता पोराच्या गळ्यापुरतं विणा.’

ह्यांचा चेहरा मला आठवतो. इतकी वर्षं हौस होती, आता तिला काम मिळालं. त्याच संध्याकाळी दोऱ्याने हर्षलच्या गळ्याचं माप घेतलं. खांद्यांपासून हनुवटीपर्यंत येईल असा कड्यांचा पट्टा, आतून मऊ कापडाचं अस्तर. अस्तर मी शिवलं. पोंक खात खात हे विणायचे. पट्टा होत आला आणि तार संपली. डाव्या बाजूला, कानाच्या खाली, दोन बोटं जागा उरली.

दोन बोटं. जास्त नाही.

ह्यांनी बारडोलीत भट्टी लावली. गोळा निघाला, दगडावर ठेवला, हातोडा मारला आणि माझ्याकडे बघितलं. आवाज बोदा नव्हता आणि घणघणीतही नव्हता. उंच होता, काचेच्या ग्लासावर चमचा वाजावा तसा. मी ना मूठ आवळली, ना बोटं उघडली. त्या आवाजाला आमच्याकडे खूणच नव्हती. ह्यांनी दुसरा घाव घातला आणि गोळ्याचे बिस्किटासारखे तुकडे झाले. कोळसा जास्त पडला होता. असल्या लोखंडाची तार ओढता येत नाही.

घरी येताना बसमध्ये हर्षल पप्पांकडे तोंड करून म्हणाला, ‘पप्पा, दोन बोटं जागा आहे. बाजारची तार आणतो. तासाभराचं काम.’

‘नाही,’ हे म्हणाले. अख्ख्या बसला ऐकू गेलं. ‘दोन लॉट एका बीमवर घ्यायचे नाहीत.’

बाहेरच्याला हे समजणार नाही, म्हणून सांगते. सुताचा प्रत्येक लॉट वेगळा असतो. डोळ्याला सारखाच दिसतो, हाताला सारखाच लागतो. पण बीमवर, म्हणजे लूमच्या ज्या रुळावर सूत गुंडाळतात त्यावर, दोन लॉटचं सूत मिसळलं, की कापड रंगून आल्यावर त्यावर पट्टा उमटतो. सगळा ताका, म्हणजे अख्खा तागा, बाद. मास्तरचं नाव खराब. जन्मभर ह्या माणसाने दुसरं काही पाळलं नसेल, पण हे पाळलं. खात्यात नवीन पोरगा आला की त्याला पहिला धडा हाच. आणि लोखंडाचंही म्हणे तसंच. बाजारची तार कडक, घरची मऊ. एकत्र विणली तर कडक कडी मऊ कडीला घासून खाते. सगळा पट्टा तिथूनच सुटेल. ‘तुझ्या गळ्याला मी खोट असलेला माल घालणार नाही,’ हे हर्षलला म्हणाले. ‘परत भट्टी लावतो. आठ दिवस दे.’

हर्षलने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि ओठांनी म्हणाला, ‘जाऊ दे, मम्मी. मास्तर आहेत.’

ह्यांची चूक नव्हती असं मला म्हणता येत नाही, आणि चूक होती असंही म्हणता येत नाही. कापडाच्या बाबतीत हा माणूस शंभर टक्के बरोबर होता. पण ते कापड नव्हतं हो. पोरगं होतं.

नवीन भट्टी बांधली, ती वाळत होती. पट्टा भिंतीवर खिळ्याला लटकत होता. संक्रांत दोन दिवसांवर आली होती, मी तीळ भाजत होते. हर्षल निघाला तेव्हा पट्ट्याकडे हात नेला आणि परत घेतला. उघड्या कड्या मानेला टोचायच्या. त्याने मफलर गुंडाळला. मी म्हटलं, ‘लवकर येजो रे.’ तो गल्लीच्या टोकाला गेला, तिथून वळला आणि ओठांनी विचारलं, ‘जेवायला काय?’ हे दारात होते. ह्यांनी सांगितलं, ‘भरीत.’

फोन दुपारी आला. फोन म्हणजे माझंच काम. कोणीतरी अनोळखी माणूस गुजरातीत बोलत होता, पुलावर, दोरी, तुमचा मुलगा. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. शेवटी तो माणूसच रडायला लागला. मी फोन ठेवला. हे समोर वाळू चाळत बसले होते. मी त्यांच्यापुढे जाऊन बसले, त्यांचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि ओठांनी सांगितलं. माझ्या घशातून आवाज निघालाच नाही. शेजारच्या ज्योत्स्नाबेन नंतर म्हणाल्या, ‘तमारा घरमांथी तो कंई अवाज ज न आव्यो.’ नाही आला. ही बातमी आमच्या घरात आवाज न करता आली.

माणसं जमली. गावाकडून आली, खात्यातली आली. सगळे ह्यांच्यासमोर बसून तोंड स्पष्ट हलवून बोलायचे, बहिऱ्याला समजावं म्हणून. नशिबात होतं. देवाची मर्जी. तुम्ही काय करणार. ज्योत्स्नाबेन म्हणायच्या, ‘भगवाननी मरजी, भाई.’ हे प्रत्येकाचे ओठ वाचायचे आणि मान हलवायचे. तेराव्यानंतर बारडोलीची भट्टी मावसभावाने फोडून टाकली. डुमसची वाळू मी गच्चीवरून खाली ओतली. अंगरखा ट्रंकेत गेला. पट्टा खिळ्यावरच आहे. त्याला मी हात लावत नाही आणि हेही लावत नाहीत. दोन बोटं जागा आहे तशी आहे.

फक्त छातीची पाटी ह्यांनी ट्रंकेत घालू दिली नाही. तेव्हापासून ती घासतात. आधी विटेच्या भुकटीने, मग राखेने, मग तेलाच्या फडक्याने. सुरतेच्या हवेत लोखंड एका रात्रीत तांबूस होतं, म्हणून मला वाटायचं, गंज काढतात. पण गंज नसला तरी घासतात. रोज सकाळी माझी भाकरीची वेळ झाली की दारात पाट टाकायचा, तोंड रस्त्याकडे, पाटी गुडघ्यावर कलती. माणसाचं डोकं फिरलं असेल तर फिरू दे, निदान बसून तर आहे, असं म्हणून मी सोडून दिलं. आणि पाठ दिसली की माझं वाक्य सुरू झालं. आपलेच दात, आपलेच ओठ. दुसऱ्या कोणाला काय सांगणार?

मध्ये एकदा माझ्या ओट्यावरचा बल्ब गेला. या घरात पाहुण्यांच्या खोलीचं बटण वर्षभर बिघडलेलं आहे, ते ह्यांना दिसत नाही. पण ओट्याचा बल्ब त्याच दिवशी आला, चांगला मोठा, पांढरा. मला बरं वाटलं. म्हटलं, माझ्या डोळ्यांची काळजी आहे अजून.

परवा रस्त्यावर खांब रोवले. आज सकाळी गच्च्यांवर पोरं चढली, कोणाची तरी पतंग कापली, आरडाओरडा झाला. हे अंघोळीला गेले होते. मी दार झाडायला आले. गुडघे धरले म्हणून ह्यांच्या पाटावर बसले. पाटी बाजूला ठेवायची म्हणून उचलली, जड आहे, मांडीवर घेतली. ह्यांच्या धोतराला तेलाचा डाग पडतो तिथेच ती बसते, तशीच कलती. आणि मी त्यात बघितलं.

त्यात आमचा ओटा दिसत होता. गॅस, तवा, पिठाची परात. वर पांढरा बल्ब. गाळणीची भोकंसुद्धा दिसत होती, एवढं लख्ख. तव्यासमोर जिथे मी उभी राहते ती जागा पाटीच्या बरोबर मध्ये येत होती. त्या जागेवर फक्त मी नव्हते.

मी मागे वळून ओट्याकडे बघितलं, परत पाटीत बघितलं. झाडू हातातच होता.

हे अंघोळ करून आले. मी उठले, पाटी होती तशी ठेवली, ओट्याशी जाऊन परातीत पीठ घेतलं. हे बसले. पाटी गुडघ्यावर घेतली, कलती केली. फडकं उचललं, पण घासलं नाही. मी पीठ मळत राहिले. तोंड घट्ट मिटलं होतं. एक भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. दुसरी थापली. बाहेर पोरं ओरडत होती आणि घरात पिठावर हात आपटल्याचा तेवढा आवाज होता, तोही मला एकटीलाच.

‘आज बोलनी नही तू?’

ह्यांचा आवाज. मोठा, बहिऱ्या माणसाचा, शेजाऱ्यांना जाईल असा. पाठ माझ्याकडेच. वळले नाहीत. मी मान वर केली तर पाटीत ह्यांचे डोळे होते, माझ्यावर. मला ते दिसत होते, म्हणजे मीही त्यांना दिसतच होते. रोज. प्रत्येक भाकरीला.

मग पाटीत ह्यांचे ओठ हलले. आवाज न करता, खात्यात बोलायचे तसे. मला वाचता आलं. ‘बोल ना. सगळा म्हणतस, देवनी मर्जी. तुनाबिगर खरं कोन बोलस मले?’

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मी गॅस बारीक केला. हात पुसले. पाटीतल्या त्या डोळ्यांकडे बघितलं आणि बोलले. तेच वाक्य, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. या वेळी घशातून आवाज निघाला नाही, नुसते ओठ हलले.

ह्यांनी मान हलवली, फडकं घेतलं आणि घासायला सुरुवात केली.